सहा दिवसांची सरासरी

साहेब, दोष तुमचा आहे. आधी तेवढं लिहून घ्या, मग बाकीचं ऐका.

दाराच्या फटीतून ते पत्रक तुमच्या वन्यजीव कक्षाने सरकवलं. 'आपल्या परिसरातील वन्यजीव पाहा, त्यांची नोंद ठेवा, प्रत्येक नोंद मोलाची आहे,' हे तुम्ही छापलंत. खाली कोपऱ्यात एका पक्ष्याचं चित्र होतं, इतकं पुसट की तो पक्षी होता की तुमच्या शिक्क्याचा डाग, ते अजून कुणाला कळलेलं नाही. असली पत्रकं लोक डब्यांच्या फळीवर अंथरतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तुम्ही ती वाटलीत. एका माणसाने पत्रक वाचलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि वर ते खरं मानलं, एवढाच काय तो घोटाळा झाला.

त्या माणसाला आमची सगळी वसाहत मीटरवाले म्हणायची. वीज कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी घरोघर मीटर वाचले होते. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा न्हाणीघराच्या मागे, कुणाचा कुत्रा नुसता भुंकणारा आणि कुणाचा सही घेतल्याशिवाय न सोडणारा, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर तीन महिने ते घरात बसले आणि घरातल्या वस्तूंवर नजर ठेवू लागले. फ्रिज दिवसातून किती वेळा घरघरतो याचा तक्ता त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला लावला, तेव्हा त्यांच्या बायकोचा धीर सुटला. ती शिवणकाम करायची, तिच्याकडे कामाचा ढीग पडलेला असायचा, आणि फ्रिजपाठोपाठ आपल्या मशीनचा नंबर लागणार हे तिने ओळखलं.

"अहो, हे बघा, सरकारला माणसं हवी आहेत," तिने पत्रक त्यांच्या हातात दिलं. "बाहेर जा. जे हलतं ते मोजा. मी सोडून."

वसाहतीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर वीटभट्टीची जुनी खाण आहे. भट्टी बंद पडून कित्येक वर्षं झाली. माती काढलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, काठाला लव्हाळं माजलं, आणि कुणीही न बोलावता तिथे एकेक जण राहायला आला. मीटरवाल्यांनी हीच जागा निवडली. बायकोही पहिल्या दिवसापासून सोबत निघाली. "एकटे गेलात, पाय घसरून पडलात, की मग तुमचीच नोंद मला करावी लागेल," ती म्हणाली. ती एका सपाट दगडावर बसून काज-बटणं करायची आणि अधूनमधून मान वर करून म्हणायची, "तो निळा आला बघा तुमचा."

आता निसर्ग पाहणारे लोक कसे पाहतात, ते आम्हाला माहीत नाही. त्यांना म्हणे आनंद होतो. मीटरवाल्यांनी आनंदाच्या रकान्याची सोय ठेवली नव्हती. त्यांनी खाणीची फेरी आखली. सकाळी साडेसहाला पहिलं झाड, सहा चाळीसला लव्हाळं, सात वाजता पलीकडचा खडीचा पट्टा. प्रत्येक प्राण्याला ग्राहक क्रमांक दिला. ग्राहक क्रमांक एक, खंड्या, वाळकी फांदी, चालू. ग्राहक क्रमांक चार, पाणकोंबडी व पिल्ले तीन, चालू. ग्राहक क्रमांक पाच, बेडूक, आवाज येतो, उपकरण दिसत नाही. कासव दगडावर तासभर हललं नाही तेव्हा त्यांनी 'बंद, तपासणी आवश्यक' असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते जागेवर नाही असं पाहून 'पूर्ववत सुरू' असा शेरा मारला. हसू नका साहेब. तुमच्या कक्षातल्या कोणत्या कागदावर तळ्यातल्या कासवाची दोन दिवसांची सलग हालहवाल आहे, ते आधी दाखवा.

माणूस एखादं काम मन लावून करू लागला की त्याला सल्ला द्यायला शेजारी धावून येतात. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांनी आपली जुनी दुर्बीण दिली. तिचा डावा डोळा धुरकट होता. सोबत सल्ला दिला, तो दुर्बिणीपेक्षा जड.

"तोंड मिटून फिरायचं," डॉक्टर म्हणाले. "दात दाखवणं म्हणजे प्राण्यांच्या जगात धमकी. लोकांना वाटतं प्राणी वासाने पळतात. छे! दात दिसतात म्हणून पळतात."

"मग बोलायचं कसं?"

"बोलायचंच नाही. आणि तुमची ती खालची डावी दाढ, तिचं काहीतरी करा. प्राण्यांचं जाऊ द्या, मलाही ती बघवत नाही."

मीटरवाले सरळ माणूस. खाणीवर तोंड आणि वसाहतीत तोंड असं वेगवेगळं ठेवणं त्यांना जमेना, म्हणून ते सगळीकडेच ओठ घट्ट मिटून फिरू लागले. कुणी 'कसं काय?' म्हटलं तर नुसती मान हलवायची. दोन आठवड्यांत वसाहतभर झालं की निवृत्तीनंतर मीटरवाल्यांचं नाक फार वर गेलंय, मोठं घबाड मिळालेलं दिसतं. किराणावाल्याने त्यांच्या बायकोला विचारलं, "भांडण झालं का घरात?" ती म्हणाली, "नाही हो, पक्ष्यांना त्यांचे दात आवडत नाहीत." त्यानंतर लोक दोघांकडेही जरा जपून बघू लागले.

खाणीच्या पलीकडच्या काठावर एक गॅरेज होतं. तिथे अवजड गाड्या दुरुस्त व्हायच्या. एका सकाळी मीटरवाले दुर्बिणीतून लव्हाळ्यातली पाणकोंबडी शोधत होते. दुर्बीण सरकत सरकत गॅरेजच्या भिंतीवर गेली, आणि भिंतीवर होता मीटर. एकतीस वर्षांची सवय, ती काय दुर्बिणीला घाबरते? आत सगळे दिवे लागलेले, यंत्रं घरघरताहेत, आणि मीटरची चकती मात्र ढिम्म. मीटरवाल्यांना पाणकोंबडीचा विसर पडला. ते तडक वळसा घालून गॅरेजमध्ये गेले आणि कित्येक दिवसांनी तोंड उघडून म्हणाले, "तुमचा मीटर बंद पडलाय. लवकर कळवा, नाहीतर तुम्हालाच त्रास."

भल्यासाठीच गेले होते. पण गॅरेजवाल्याचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला.

"तुम्ही निवृत्त झालात ना?"

"झालो."

"मग रोज सकाळी दुर्बीण लावून माझ्या भिंतीवर काय बघता?"

"पाणकोंबडी बघतो."

"माझ्या भिंतीवर?"

मीटरवाले दुर्बीण गळ्यात अडकवून बायकोच्या दगडापाशी परत आले. 'तरी बरं, ग्राहक क्रमांक नाही दिलात त्याला,' एवढंच बायको म्हणाली. त्या दिवसापासून गॅरेजवाल्याला खात्री पटली की कंपनीने हा माणूस आपल्यावर सोडलाय, पक्षीबिक्षी सगळी बतावणी. आणि ज्या तळ्याच्या काठी असली माणसं येऊन बसतात ते तळंच नसलेलं बरं, असं त्याच्या मनाने घेतलं. हे त्याने कुणाकुणाला सांगितलं, ते साहेब, आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

मग खडीच्या पट्ट्यावर टिटव्यांची जोडी आली. ग्राहक क्रमांक सात. टिटवी घरटं बांधत नाही. खडीत चार दगड बाजूला सारते आणि तिथेच बसते. अंडीही खडीच्याच रंगाची. मीटरवाल्यांना ती दिसली नाहीत, बायकोला दिसली. कापडावरचा फिका डाग उजेडात धरून शोधायची तिची नजर. "तो उभा दगड आहे ना, त्याच्या डावीकडे. चार," ती म्हणाली. मीटरवाल्यांनी वहीत 'अंडी ४' लिहिलं, आणि लिहिताना पहिल्यांदाच त्यांचं अक्षर जरा मोठं आलं.

रोज चार. नर मादी पाळीपाळीने बसायचे. ऊन चढलं की टिटवी पाण्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. एकदा एक मोकाट गाय तिकडे वळली तेव्हा हे मूठभर पाखरू पंख पसरून तिच्या नाकासमोर उभं राहिलं आणि गाईने मुकाट्याने रस्ता बदलला. मीटरवाल्यांनी लिहिलं, 'क्र. ७, भार जास्त, तरी चालू.' बायकोने सुई थांबवून विचारलं, "किती दिवस बसावं लागतं हो हिला?" मीटरवाल्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चार आठवडे." हे एक त्यांचं खरं निघालं असावं. असावंच म्हणायचं, कारण पुढे झालं ते असं झालं.

अंडी दिसल्याच्या तेविसाव्या दिवशी मीटरवाले तापाने पडले. ताप असा की छतावरचा पंखा त्यांना दोनदा खंड्या वाटला. सहा दिवस ते अंथरुणावर, आणि बायको उशाशी पट्ट्या बदलत. सातव्या दिवशी उठून बसले, वही मागितली, आणि रिकामे सहा रकाने पाहून अस्वस्थ झाले. बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी पेन उघडलं आणि सहाही दिवस भरून टाकले. खंड्या एक. पाणकोंबड्या पाच. टिटव्या दोन, अंडी चार. अंडी चार. अंडी चार.

याला लबाडी म्हणण्याआधी धंदा समजून घ्या. मीटर वाचणारा घरी गेला आणि दाराला कुलूप असलं, तर तो कोरा रकाना ठेवून येत नाही. 'दार बंद' अशी खूण करतो आणि मागच्या महिन्यांची सरासरी घालतो. नियमच आहे तसा. कोरा रकाना कचेरीला चालत नाही. कचेरीला पोटभर आकडा लागतो, तो खरा असो नसो. मीटरवाल्यांनी एकतीस वर्षांत अशा किती सरासऱ्या लिहिल्या असतील, त्यांना त्यात कधी वावगं वाटलं नाही. फक्त एकदा, एका गल्लीच्या टोकाचं घर पाच महिने बंद होतं. पाच महिने त्यांनी सरासरी घातली. सहाव्या महिन्यात शेजारीण म्हणाली, "कुणाचं वाचताय? आजोबा तर केव्हाच गेले, मुलीकडे नेलं होतं, तिथेच." मेलेला माणूस पाच महिने दर महिन्याला बेचाळीस युनिट जाळत होता. मीटरवाल्यांनी त्याही वेळी खूण केली आणि पुढच्या दाराकडे गेले.

त्याच संध्याकाळी दोघं खाणीवर गेली. उभा दगड होता. त्याच्या डावीकडे चार बोटांचा खळगा होता. खळग्यात काही नव्हतं. टिटव्या नव्हत्या, टरफलं नव्हती, पिल्लं नव्हती. मीटरवाले गुडघ्यांवर बसले आणि खडीचा एकेक दगड पाहिला.

"फुटली असतील," बायको म्हणाली. "पिल्लं लगेच चालू लागतात म्हणे. गेली असतील लव्हाळ्यात."

"किंवा?"

"किंवा नसतील."

दिवस भरत आले होते. म्हणजे त्याच सहा दिवसांत कधीतरी त्या चार अंड्यांचा निकाल लागला. आणि त्या सहाही दिवशी वही ठामपणे म्हणत होती, अंडी चार. मीटरवाल्यांनी वही उघडली. त्यांनी त्या दिवसाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि घरी येईपर्यंत ओठ मिटून घेतले. या वेळी पक्ष्यांसाठी नव्हे.

दोन महिन्यांनी खाणीच्या काठावर तुमच्या नावाची पाटी लागली. 'सदर जागेवर वन्यजीवांची कोणतीही नोंद आढळत नसल्याने ती निरुपयोगी समजून भराव घालण्यात येईल व अवजड वाहनांच्या थांब्यासाठी देण्यात येईल. हरकती एकवीस दिवसांत पुराव्यासह.' पुरावा म्हणजे काय, तर नोंदवही. वर्ष पूर्ण झाल्यावर वही जमा करा, असं तुमच्याच पत्रकात होतं, म्हणून ती अजून घरी होती. दोनशे अकरा दिवस, एकही रकाना रिकामा नाही. त्या तळ्याचा जगातला एकमेव कागद.

मीटरवाल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि वही घेऊन तुमच्या कचेरीत आले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दिला. त्यात प्राण्यांची संख्या अंकी व अक्षरी हवी होती.

"पाण्यावरचे ते चतुर किडे किती होते ते नक्की सांगता येत नाही," मीटरवाले म्हणाले. "खूप होते."

"खूप अक्षरी लिहा. अंकी काय लिहिणार?"

"तेच तर विचारतोय."

"मग चतुर सोडून द्या," बाई म्हणाल्या, आणि अशा रीतीने चतुर तुमच्या राज्यातून गेले.

वही तुम्ही स्वतः चाळलीत साहेब, आठवतं ना? चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "वा! एक खंड नाही. आमची पगारी माणसं असं काम करत नाहीत. हिच्या जोरावर थांबा रद्द होऊ शकतो. प्रत्येक पानावर सोबतच्या साक्षीदाराची सही तेवढी घ्या." एकतीस वर्षांत मीटरवाल्यांना वरिष्ठाने 'वा' म्हटलेलं नव्हतं. ते घरी येईपर्यंत दोनदा चुकीच्या गल्लीत वळले.

रात्रीचं जेवण लवकर उरकून बायको सह्या करायला बसली. भराभर सह्या करून हात मोकळा करणारी ती बाई नव्हे. तिने प्रत्येक पान वाचलं. "हो, त्या दिवशी कासवाला दोन जळवा होत्या." सही. "हा दिवस आठवतो, माझी सुई पाण्यात पडली." सही. असं करत ती त्या सहा दिवसांवर आली आणि थांबली.

"अहो."

"काय?"

"या दिवशी तुम्ही मला आई म्हणून हाक मारत होतात. एवढा ताप होता."

मीटरवाले टेबलावरचं पेन सरळ करू लागले.

"मग टिटवी कुणी मोजली?"

"सरासरी आहे ती."

"टिटवीची सरासरी?"

"पद्धत असते तशी! दार बंद असलं की..."

"कुणाचं दार बंद होतं? तिचं तर उघड्यावरच होतं सगळं."

आवाज ऐकून डॉक्टर खाली आले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सही करा वहिनी. दोनशे अकरात सहा. पोकळी भरायचीच असते, मी आयुष्यभर दुसरं काय करतो? वर तळं वाचतंय."

"तळं वाचावं असं मलाही वाटतं डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्ही तर तिथे एकदाही आला नाहीत. पण मी पाहिलेलं नाही ते पाहिलं म्हणून लिहू कसं? यांना काय करायचं ते हे करोत. त्या पानावर माझी सही नाही."

डॉक्टर गेले. ती उठून मशीनवर बसली, पण मशीन चाललं नाही. मीटरवाले ते पान पुन्हा उघडून म्हणाले, "ती अंडी फुटली की कुणी नेली, हे आता कधीच कळायचं नाही. कोरं सोडलं असतं तर निदान कळलं नाही हे तरी कळलं असतं." मग म्हणाले, "गल्लीच्या टोकाला एक आजोबा होते." आणि तिला ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली.

त्याच टेबलावर त्यांनी पट्टी लावून लाल शाईने सहा ओळी मारल्या. प्रत्येक ओळीशेजारी लिहिलं, 'वाचन झाले नाही. आधीचा आकडा अंदाजे होता,' आणि खाली आद्याक्षरं. बायकोने शेजारी सही केली. त्या पानावरची तिची सही बाकी सगळ्या सह्यांपेक्षा ठसठशीत आहे. बघा काढून.

दुसऱ्या दिवशी दोघंही कचेरीत आली. तुम्ही तेच पान उघडलंत, आणि चष्मा कपाळावरून खाली आला.

"ही खाडाखोड कसली?"

"दुरुस्ती आहे साहेब. त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं."

"मग कालच्यासारखं ठेवायचं होतं की! काल वही स्वच्छ होती."

"काल ती खोटी होती."

"काल ती ग्राह्य होती," तुम्ही म्हणालात. खिडकीवरच्या बाईंनी ऐकलंय, विचारा त्यांना. "खाडाखोड असलेली वही नियमाने घेता येत नाही. एक पान अग्राह्य म्हणजे सगळी वही अग्राह्य." आणि तुम्ही शिक्का मारलात. सबब जागेवर नोंद आढळत नाही.

मीटरवाल्यांनी वही उचलली, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडले. पायऱ्यांवर बायकोने विचारलं, "चुकलं का हो आपलं?" ते म्हणाले, "वाचन तर बरोबर आलं." अजूनही दोघं रोज खाणीवर जातात. वहीत आता अधूनमधून कोरे रकाने असतात, आणि त्यांत बारीक अक्षरात 'पाहिले नाही' लिहिलेलं असतं.

भराव सोमवारपासून पडणार असं गॅरेजवाला सांगत फिरतोय. खंड्याला, पाणकोंबड्यांना, कासवाला अजून कुणी कळवलेलं नाही. म्हणून सोमवारच्या आत उत्तर द्या साहेब, तोंडी नको, लेखी, सहीशिक्क्यानिशी. सहा दिवस मी पाहिलं नाही, असं एक माणूस स्वतःहून खरं बोलला, तर त्याने पाहिलेले दोनशे पाच दिवस खोटे कसे झाले?